ठिणगीची वेळ

भिलाईच्या हुडको वसाहतीत दिवस लवकर उगवतो. पोलाद कारखान्याच्या पहिल्या पाळीचे लोक उजाडण्यापूर्वीच घराबाहेर पडतात, आणि नव्या दुचाक्यांच्या मृदू आवाजात मधूनच एखाद्या जुन्या बुलेटचा संथ, भारदस्त ठोका कानी येतो. ज्या दिवशी ती गाडी पहिल्या किकेला सुरू होते, त्या दिवशी तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. परंतु एखाद्या पहाटे किक मारताच इंजिन उलटा झटका देते, किकचा दांडा पायाखालून वर उसळतो, आणि पाळीला निघालेला गृहस्थ घोटा धरून ओट्यावर बसतो. ‘गाडीने लाथ मारली’ असे आपण म्हणतो. ही लाथ काही वेळा मुक्या मारावर भागते. काही वेळा घोट्याचे हाड मोडते, आणि पाळीच काय, पुढचा महिनाही घरी बसून काढावा लागतो. ही लाथ कोठून येते आणि ती कशी टाळावी, याचा विचार आज करावयाचा आहे.

या विषयाला भिलाईसारखे योग्य गाव क्वचितच सापडेल. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यानंतरच्या वर्षांत देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. रेल्वेने जवळ असलेल्या विदर्भातून मराठी कुटुंबेही आली. हुडको हे नाव १९७० साली स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण वित्तसंस्थेचे. वसाहतीला ते चिकटले आणि पुढे तेच तिचे नाव होऊन बसले. भट्टीतील रस केव्हा बाहेर काढावयाचा, याला किती महत्त्व असते, हे येथील माणसाला सांगावे लागत नाही. तोच माणूस अंगणातील मोटारसायकलीच्या बाबतीत मात्र ‘आवाज बरा येतो आहे ना, मग झाले’ एवढ्यावर समाधान मानतो. वास्तविक तेथेही प्रश्न वेळेचाच असतो. फक्त ती वेळ सेकंदाच्या सहस्रांशांत मोजावी लागते.

जुन्या मोटारसायकली म्हणजे कोणत्या, हे प्रथम स्पष्ट करू. १९५५ साली मद्रासेत बुलेटच्या जुळणीला आरंभ झाला. त्यानंतरच्या दशकात म्हैसूरची जावा आली व तीच पुढे येझदी झाली; फरिदाबादेची राजदूतही त्याच काळातली. या गाड्या परस्परांहून पुष्कळ भिन्न असल्या, तरी त्यांच्या पूर्वीच्या बनावटीत एक गोष्ट समान होती. ठिणगी पाडण्याचे काम त्यांत कॉन्टॅक्ट पॉइंट नावाच्या दोन लहानशा टोकांवर सोपविलेले होते. आपण येथे ३५० सी.सी. बुलेटचे उदाहरण घेऊ.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन खालीवर होत असतो. तो वर येताना पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण दाबतो. ठिणगी पडते, मिश्रण पेटते, आणि त्याच्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो. इतके बहुतेकांना ठाऊक असते. त्यावरून साहजिकच असे वाटते की, पिस्टन अगदी वरच्या टोकाला पोहोचला की त्या क्षणी ठिणगी पडत असावी. परंतु तसे नसते. ठिणगी त्याच्या आधी पडावी लागते. कारण मिश्रण एकदम पेटत नाही. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर पसरत जाते, आणि त्याला काही काळ लागतो. हा काळ अतिशय अल्प, म्हणजे ढोबळ मानाने दोनेक सहस्रांश सेकंदांचा असतो. पण इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला २० सहस्रांश सेकंद लागतात. म्हणजे ज्योत पसरते आहे तोवर इंजिन फेऱ्याचा दहावा भाग, ३६ अंश, फिरून जाते. म्हणून पिस्टन वर पोहोचण्यापूर्वीच आग लावावी लागते. तसे केले म्हणजे दाबाचा पूर्ण जोर पिस्टन माथा ओलांडून दहा-पंधरा अंश खाली उतरू लागला असताना येतो, आणि तो जोर कामी लागतो.

झोपाळ्याला झोका देणाऱ्याला हे तत्त्व हाताने कळलेले असते. झोपाळा आपल्याकडे येत असतानाच ढकलला, तर तो आपल्याच मनगटावर आदळतो; दूर गेल्यावर ढकलला, तर हात हवेत जातो. किक मारतानाची लाथ हा मनगटावरचा आदळ होय. किकच्या वेळी इंजिन फार सावकाश फिरत असते. ठिणगी फार लवकर पडली, तर पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच दाब पूर्ण वाढतो, पिस्टन मागे लोटला जातो, इंजिन उलटे फिरते, आणि तो सारा जोर किकच्या दांड्यावाटे पायात येतो. उलटपक्षी ठिणगी उशिरा पडली, तर लाथ बसत नाही. पण पेट्रोल अर्धवट उपयोगी पडून उरलेली उष्णता सायलेन्सरच्या नळीत जाते. नळी निळी पडते, इंजिन तापते, चढावर गाडी दम टाकते आणि पेट्रोलचा खर्च वाढतो.

सावकाश फिरताना ठिणगी थोडीच आधी हवी आणि वेगात पुष्कळ आधी हवी, ही अडचण पहिल्यापासून होती. १८८०-९० च्या काळातील कित्येक इंजिनांत बाहेरून तापविलेल्या नळीने मिश्रण पेटवीत. तीत वेळ हवी तशी बदलण्याची सोय नव्हती. पुढे जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने चुंबकीय यंत्राने ठिणगी पाडण्याची पद्धत वाहनांना लावली, आणि १९०२ साली त्याच कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाच्या विजेचा मॅग्नेटो सिद्ध केला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जी जुळणी केली, तीच थोड्याफार फरकाने बुलेटमध्ये आहे. कित्येक जुन्या गाड्यांच्या हँडलला ठिणगी मागेपुढे करण्याची दांडी असे, आणि किक मारण्यापूर्वी स्वार ती दांडी मागे ओढून घेई. नंतर ते काम स्प्रिंगांनी बांधलेल्या दोन लहान वजनांकडे आले. इंजिन वेग घेऊ लागले, की ही वजने बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप अधिक आधी आणतात. वेग उतरला, की स्प्रिंगा त्यांना परत ओढतात. या स्प्रिंगा सैल पडल्या किंवा वजने गंजून अडकली, तर पुढची सारी मोजमापे फुकट जातात. म्हणून आरंभी कॅम बोटाने थोडा फिरवून सोडावा; तो स्वतःहून जागेवर परत आला पाहिजे.

आता पॉइंटांकडे वळू. इंजिनाच्या उजव्या अंगास गोल झाकणाखाली ही जोडी असते. टोके मिटलेली असताना बॅटरीची वीज कॉइलमधून वाहते. कॅमचा उंचवटा टोके उघडतो, प्रवाह तुटतो, आणि त्या तुटण्यामुळे कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात कित्येक हजार व्होल्टांचा दाब निर्माण होऊन प्लगमध्ये ठिणगी उडते. ठिणगी टोके मिटताना पडत नाही, उघडताना पडते, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवली, की बाकीचे सारे सोपे होते. ठिणगीची वेळ तपासणे म्हणजे, टोके उघडू लागतात त्या क्षणी पिस्टन कोठे आहे हे पाहणे, एवढाच त्याचा अर्थ.

हे पाहण्याचे एक साधन बुलेटच्या मालकाच्या रोजच्या नजरेसमोर असते. हेडलाइटच्या वरच्या खोबणीत बसविलेल्या ॲमीटरची सुई, चावी फिरविली असता, टोके मिटलेली असल्यास वजा बाजूस झुकते आणि टोके उघडताच मध्यावर येते. किक मारण्यापूर्वी जाणता स्वार डीकॉम्प्रेशनची दांडी दाबून सुई मध्यावर आणतो, ते याचसाठी. पिस्टन माथ्यापलीकडे गेला आहे, आता पूर्ण किक मारली असता लाथ बसणार नाही, हे तो त्या सुईकडून वदवून घेत असतो. वडिलांनी मुलाला शिकविलेला हा विधी पुष्कळ घरांत चालू आहे. त्यामागचे कारण मात्र सांगायचे राहून गेलेले असते.

प्रत्यक्ष तपासणीत क्रमाला फार महत्त्व आहे. प्रथम टोकांमधील अंतर, नंतर वेळ. याचे कारण असे की, अंतर वाढविले तर टोके लवकर उघडतात आणि कमी केले तर उशिरा उघडतात. वेळ आधी जुळवून अंतर नंतर बदलले, तर जुळविलेली वेळ पुन्हा बिघडते. शिवाय कॅमवर घासणारा टोकाचा फायबरचा पाय हळूहळू झिजत असतो. तो झिजला, की अंतर आपोआप कमी होते आणि ठिणगी दिवसेंदिवस मागे पडत जाते. रोज गाडी चालविणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. सहा महिन्यांनी त्याला एवढेच वाटते की गाडीत पूर्वीची ताकद राहिली नाही. मग दोष पेट्रोलला जातो, कार्ब्युरेटर उघडला जातो, प्लग बदलला जातो. आणि ज्या पायाने मार्ग सोडला, तो झाकणाखाली तसाच घासत राहतो.

गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी, चावी बंद ठेवावी, प्लग काढावा. वरचा गिअर टाकून मागचे चाक चालण्याच्या दिशेने हाताने फिरविले, की इंजिन सावकाश फिरते. कॅमने टोके जास्तीत जास्त उघडली आहेत अशा जागी थांबून त्यांच्यामध्ये मापाचे पाते घालावे. बुलेटला हे अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावे. पाते सहज सरकले पाहिजे, पण सैल पडता कामा नये. टोके काळवंडली असतील तर आधी साफ करावीत. त्यांवर खड्डा आणि समोर उंचवटा तयार झालेला दिसला, तर कंडेन्सरकडेही पाहावे. तो निकामी झाला असता टोकांमध्येच निळसर ठिणग्या उडतात आणि ती जळून जातात. शेवटी स्वच्छ कागदाची पट्टी टोकांमधून ओढून घ्यावी, कारण बोटाचा तेलकटपणाही तेथे चालत नाही.

यानंतर पिस्टनचा माथा शोधावयाचा. बुलेटचे इंजिन चार टप्प्यांचे असल्यामुळे पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, आणि त्यांपैकी एकच खेप आपल्या कामाची असते. प्लगच्या छिद्रावर अंगठा धरून चाक फिरवावे. हवा अंगठा ढकलू लागली, की दाबाचा टप्पा आला असे समजावे. जावा किंवा राजदूत ही दोन टप्प्यांची यंत्रे; तेथे प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते, म्हणून हा प्रश्न उद्भवत नाही. मग छिद्रातून सायकलची सरळ तार पिस्टनवर टेकवावी. तार लांब असावी आणि हातात सैल धरावी. ती आत पडली किंवा तिरपी अडकून वाकली, तर लहान कामाचे मोठे काम होते. पिस्टन माथ्याजवळ आला, की तारेची हालचाल जवळजवळ थांबते. याच ठिकाणी चूक होण्याचा संभव असतो, कारण माथ्याच्या अलीकडे-पलीकडे दोनतीन अंश तार हललेली डोळ्यांना दिसतच नाही. तेव्हा तार थोडी खाली उतरल्यावर दोन्ही बाजूंस समान उंचीवर खुणा घ्याव्यात आणि त्यांच्या मधोमध माथा धरावा. मायक्रोमीटरची घड्याळी जवळ असेल, तर उत्तमच.

३५० सी.सी. बुलेटला, वेग वाढविणारी वजने विश्रांतीच्या स्थितीत असताना, पिस्टन माथ्याला ०.८ मिलिमीटर उरले असता टोके उघडू लागावीत, असे माप आहे. या इंजिनात पिस्टन ९० मिलिमीटर खालीवर जातो. त्या मानाने ०.८ मिलिमीटर म्हणजे काहीच नव्हे असे वाटते. पण फेऱ्यात मोजल्यास ते सुमारे साडेनऊ अंश होतात. या जागी मापात ०.२ मिलिमीटरची चूक झाली, तर एक अंशाहून थोडा अधिक फरक पडतो. तारेवर कानशीने ओढलेली जाड रेघच कित्येकदा तेवढी रुंद असते. प्लगचे छिद्र तिरपे असल्यामुळे तारेची हालचाल पिस्टनच्या हालचालीहून किंचित अधिक भरते, हेही लक्षात ठेवावे.

आता चाक थोडे उलट फिरवून पिस्टन चारपाच मिलिमीटर खाली घ्यावा आणि पुन्हा पुढच्या दिशेने सावकाश आणीत ०.८ वर थांबावे. खुणेपुढे गेल्यास तेथूनच मागे येऊ नये. पुन्हा खाली जाऊन पुढे यावे. दातांमधील आणि साखळीतील ढिलाई नेहमी एकाच बाजूला राहावी, हा त्यातला हेतू. टोकांमध्ये विडीच्या किंवा सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी धरून हलकेच ओढावी. ती घट्ट असेल तर टोके अद्याप मिटलेली आहेत. आधीच सुटली असेल तर ठिणगी लवकर पडते आहे. पॉइंटांच्या प्लेटचे दोन स्क्रू सैल करून प्लेट अशी फिरवावी, की नेमक्या खुणेवर पट्टी सुटू लागेल. स्क्रू आवळताना प्लेट किंचित सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हा एकदा पाहावे. याचा पडताळा लहान दिव्यानेही घेता येतो. त्याची एक तार हलत्या टोकाच्या खिळ्याला आणि दुसरी इंजिनाच्या अंगाला लावून चावी फिरविली, की टोके उघडताच दिवा पेटतो. मात्र टोके मिटलेली असताना चावी फार वेळ चालू ठेवू नये, कॉइल तापते. प्लेट खाचेच्या टोकापर्यंत फिरवूनही वेळ जुळत नसेल, तर दोष अधिक खोल आहे असे समजून जाणत्या कारागिराकडे जावे.

येथे कोणी म्हणेल की, आमचा मिस्त्री एवढे काही करीत नाही. तो प्लेट फिरवितो, कान देतो आणि गाडी ठीक करून देतो. कानाची किंमत कमी करावी असा माझा हेतू नाही. वर्षानुवर्षे इंजिने ऐकलेल्या माणसाला वाजणारी झडप आणि सैल साखळी यांतला फरक दुरूनही कळतो. परंतु ठिणगीच्या वेळेच्या बाबतीत कान फसतो, आणि तो नेहमी एकाच बाजूला फसतो. उभ्या गाडीचे इंजिन मंद चालू ठेवून ठिणगी थोडी अलीकडे आणली, की त्याची गती वाढते, आवाज टवटवीत होतो. ऐकणाऱ्याला वाटते, हीच योग्य जागा. पण उभ्या गाडीवर भार नसतो. तीच गाडी दोघे जण बसून उड्डाणपुलाच्या चढावर आली, की दाब आणि उष्णता वाढतात आणि इंजिनात खडखड ऐकू येते. दुर्ग-भिलाईच्या मे महिन्यात, बाहेरची हवाच भट्टीसारखी तापलेली असताना, ही खडखड लवकर सुरू होते आणि फार काळ चालू राहिल्यास पिस्टनच्या माथ्याला भोक पाडू शकते. शिवाय दुसऱ्या दिवशी पहाटे थंड इंजिनाला किक मारताना लाथ बसते, ती वेगळीच. म्हणजे कानाला जे सुखावह, तेच पायाला घातक ठरते. कानाने परीक्षा घ्यावयाचीच असेल, तर ती माप लावल्यानंतर, रस्त्यावर, भाराखाली घ्यावी. वरच्या गिअरमध्ये सावकाश जाताना मूठ पिळली आणि खडखड झाली नाही, तर काम साधले.

आज नव्या गाड्यांतून पॉइंट नाहीसे झाले आहेत. फिरत्या चक्राजवळ बसविलेला संवेदक पिस्टनची जागा कळवितो, आणि वेग व भार पाहून ठिणगी केव्हा पाडावयाची हे इलेक्ट्रॉनिक पेटी ठरविते. झिजणारा पाय तेथे नाही, म्हणून वेळही सहसा ढळत नाही. जुन्या गाडीत ही जबाबदारी मालकाकडेच राहते, आणि ती पार पाडण्याची साधने त्याच्या घरात असतात: मापाचे एक पाते, सायकलची तार, कागदाची पट्टी आणि सुट्टीच्या दिवसाचा एखादा तास. हुडकोतील एखाद्या घरी निवृत्त वडिलांनी कारखान्याच्या पगारातून घेतलेली बुलेट आता मुलगा चालवीत असेल, तर गाडीबरोबर हे मापही त्याच्या हाती आले पाहिजे. सुई मध्यावर आणून मग किक मारावी, एवढे त्याला ठाऊक असतेच. सुई ज्या टोकांच्या उघडण्याने मध्यावर येते, ती टोके ०.८ मिलिमीटरवर उघडत आहेत की नाही, हे त्याने दर सहा महिन्यांनी स्वतः पाहिले, तर सोमवारच्या पहिल्या पाळीला तो दोन्ही धड पायांनी हजर राहील.